स्टार्टरच्या पेटीतील बिनबोलावलेले पाहुणे

पैनगंगेच्या दक्षिण तीरावर, आदिलाबाद जिल्ह्याच्या जैनद व बेला ह्या भागांत, काळ्या मातीच्या शिवारातून पहाटे चालत निघाले की विहिरीच्या काठाशी किंवा बोअरच्या बाजूला खांबावर ठोकलेली एक लोखंडी पेटी हमखास दृष्टीस पडते. तिचा रंग उडालेला असतो, झाकणाची एक बिजागरी निखळलेली असते आणि पावसापासून रक्षण व्हावे म्हणून तिच्यावर खताचे रिकामे पोते पांघरलेले असते. ही पेटी म्हणजे विहिरीवरील मोटारीचा स्टार्टर. कापसाला शेवटचे पाणी असो, हरभऱ्याला पहिले असो, घराचे सारे वर्ष तिच्यावरील दोन बटणांवर टांगलेले असते.

आता असे समजा की डिसेंबरातील एक सकाळ आहे. हरभरा फुलावर आहे आणि आज पाणी दिलेच पाहिजे. घरधन्याने हिरवे बटण दाबले. मोटार नेहमीसारखी उचलत नाही. नुसतीच गुणगुणते, मग घरघरते आणि पाहता पाहता जळका वास सुटतो. तांबडे बटण दाबून, झाकण उघडून तो पाहतो, तो आत दोन पॉइंटांच्या मध्ये कोळसा होऊन चिकटलेली एक पाल! तिचा जीव गेला तो गेला, पण जाता जाता मोटारही घेऊन गेली. आता मोटार वर काढावयाची, गाडीत घालून आदिलाबादला न्यावयाची, तिचे वाइंडिंग नव्याने भरून घ्यावयाचे, दुकानदार उद्या म्हणाला म्हणजे परवा समजावयाचे; आणि इकडे शेतातील फूल गळत राहावयाचे.

पालीविषयी आपल्या समाजात समजुती काय थोड्या आहेत? ती चुकचुकली की हातातले काम सोडणारी माणसे आहेत. ती अंगाच्या कोणत्या भागावर पडली तर काय फळ मिळते, ह्याचे कोष्टक पंचांगात छापलेले असते. आपल्या ख्रिस्ती घरांतूनही ही भीती अगदीच हद्दपार झाली आहे असे छातीवर हात ठेवून कोणी म्हणणार नाही. म्हणूनच मोटार जळाली की ‘नजर लागली’, ‘कोणी तरी केले’ असे शब्द ओसरीवर ऐकू येतात. पवित्र शास्त्राने मात्र ह्या जिवाकडे अधिक मोकळ्या नजरेने पाहिले आहे. नीतिसूत्रांच्या तिसाव्या अध्यायात पृथ्वीवरील लहान परंतु शहाण्या अशा चार प्राण्यांची गणना आहे. त्यांत पहिली मुंगी आहे. आणि शेवटी पाल आहे, जी हाताने धरता येण्याइतकी क्षुद्र असूनही राजवाड्यात वावरते. शलमोनाच्या काळी राजवाडे होते, आज विजेच्या पेट्या आहेत; ह्या चौघांपैकी निदान दोघे तरी त्यांत मुक्कामाला असतात.

ती तेथे का येते, हे समजून घेणे कठीण नाही. स्टार्टरच्या आत तारेच्या वेटोळ्यांची एक कॉइल असते. मोटार चालू असेतोवर ती कोमट राहते. आदिलाबादच्या थंडीत, जेव्हा पारा दहा अंशांच्याही खाली उतरतो, तेव्हा त्या शिवारात एवढी उबदार आणि कोरडी खोली दुसरी कोठे मिळणार? त्यातून पेटीशेजारी रात्री दिवा जळत असला की त्याच्यावर किडे येतात, किड्यांच्या मागे पाल येते. पाऊस पडून गेल्यावर पंख फुटलेल्या वाळवीचे थवे उठतात त्या दिवसांत तर तिला मेजवानीच असते. पोट भरले की ती जवळची फट पाहते. मादी असल्यास तेथेच दोन पांढरी, टणक कवचाची अंडी घालते. घरातील स्विचबोर्ड उघडणाऱ्या प्रत्येक वायरमनने ती पाहिलेली असतात. आणि फट तर आपणच ठेवलेली असते. केबल आत घेण्यासाठी पेटीच्या तळाला भोक पाडलेले असते दीड बोट रुंदीचे, आणि केबल असते त्याच्या निम्म्या जाडीची. उरलेले दार पालीचे.

आत काय घडते तेही पाहू. हिरवे बटण दाबले की कॉइलमध्ये वीज खेळते, तिचे लोहचुंबक बनते आणि ते एक पट्टी खेचून घेते. त्या पट्टीवरील तीन पॉइंट समोरच्या तीन पॉइंटांवर दाबून बसतात व तीन फेजांची वीज मोटारीकडे धावते. ह्या पॉइंटांमधील जागा अगदी बोटभर. नेमक्या त्या जागी पाल विसावलेली असेल, तर एक जोडी मिळतच नाही. मग तिघांचे ओझे दोघांवर पडते. मोटार फिरू पाहते, फिरू शकत नाही. दोन फेजांतून भलताच प्रवाह वाहतो, वेटोळी तापतात, तारेवरील लेप करपतो आणि सारे आटोपते. अशा वेळी वीज तोडण्यासाठीच पेटीत एक ओव्हरलोड रिले दिलेला असतो. परंतु खेदाची गोष्ट अशी की पुष्कळ पेट्यांत तो कधीच निकामी झालेला असतो, नाही तर ‘उगाच बंद पडतो’ म्हणून कोणी तरी शहाण्याने त्याला बाजूस सारलेले असते. कधी पाल दोन फेजांना एकदमच शिवते. तेव्हा मोठा आवाज होतो, लखकन जाळ उठतो आणि पेटीच काळी पडते.

पूर्वी ह्या जिल्ह्यात शेतीची वीज पाळीपाळीने, बहुधा आडवेळी येत असे. रात्री उठून जावे लागू नये म्हणून लोकांनी आपोआप मोटार चालू करणारे ऑटो स्टार्टर बसवून घेतले. वीज आली की मोटार सुरू. धनी घरी निजलेला. पाल अडकलेली असली तर तिकडे मोटार जळते आहे हे ऐकावयास शिवारात कोणी नसे. १ जानेवारी २०१८ पासून तेलंगणा राज्याने शेतीला चोवीस तास मोफत वीज देण्यास प्रारंभ केला, तेव्हा हे ऑटो स्टार्टर काढून टाका असे सरकारने शेतकऱ्यांना आवर्जून सांगितले. त्यांचे कारण भूगर्भातील पाण्याचे होते. पण मोटारींच्या दृष्टीनेही तो सल्ला मोलाचा होता.

वाचकांपैकी कोणाचा मुलगा किंवा मुलगी हैदराबादेस वा पुण्यास संगणकावर काम करीत असेल, तर ‘बग सापडला’, ‘बग काढतो आहे’ असे शब्द घरी कानावर पडले असतील. बग म्हणजे किडा. आज संगणकाच्या आज्ञावलीतील चुकीला हा शब्द लावतात. पण एकदा खराखुराच किडा सापडला होता, आणि त्याची गोष्ट आपल्या पालीच्या गोष्टीहून फारशी निराळी नाही. ९ सप्टेंबर १९४७ ह्या दिवशी अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात ‘मार्क २’ नावाचे एक अवाढव्य गणनयंत्र बिघडले. त्या काळचे हे यंत्र रिलेंवर चालत असे. आणि रिले म्हणजे आपल्या स्टार्टरचे धाकटे भावंड. तेच चुंबक, तेच खेचणे, तेच पॉइंट मिटणे व उघडणे. शोधता शोधता सत्तराव्या क्रमांकाच्या रिलेच्या पॉइंटांमध्ये एक पतंग मरून अडकलेला आढळला. काम करणाऱ्यांनी तो चिमट्याने उचलला, दैनंदिनीच्या पानावर चिकटवला आणि खाली विनोदाने लिहिले की खराखुरा किडा सापडल्याचा हा पहिलाच प्रसंग. यंत्रातील दोषाला किडा म्हणण्याची रीत त्याहून जुनी होती. एडिसनच्या १८७८ च्या पत्रातही तो शब्द आलेला आहे. म्हणूनच तर त्यांना हसू आले. पुढे ग्रेस हॉपर ह्या गणितज्ञ विदुषींनी ही हकीकत आपल्या भाषणांतून सांगून सर्वतोमुखी केली. तो पतंग आज अमेरिकेच्या राष्ट्रीय इतिहास संग्रहालयात जपून ठेवलेला आहे. आपल्या विहिरीवरील पालीच्या नशिबी काय येते? बाभळीच्या काटकीने बाहेर.

मुंग्यांची कथा अधिक चमत्कारिक आहे. घरातील बटण दाबले आणि दिवा लागला नाही, स्विच उघडला तर आत मुंग्यांचा चुरा भरलेला, हा अनुभव पुष्कळ घरी येतो. एवढ्या मुंग्या तेथे साखर नसता का जमाव्यात? अमेरिकेच्या टेक्सास प्रांतात लाल अग्निमुंग्यांनी विजेच्या पेट्या बुजवून टाकल्या, तेव्हा तेथील शास्त्रज्ञांनी ह्याचा छडा लावला. विजेचा झटका बसलेली मुंगी आपल्या शरीरातून संकटाच्या वेळचे गंधद्रव्य सोडते. त्या गंधाने इतर मुंग्या मदतीस किंवा लढण्यास धावतात, त्यांनाही झटका बसतो, त्याही तोच गंध सोडतात. आणि असे होत होत पॉइंटांमधील जागा प्रेतांनी भरून जाते. शेवटी पॉइंट मिटेनासे होतात. एकीसाठी सगळ्या धावल्या आणि सगळ्या गेल्या! वाचून क्षणभर वाईट वाटते. परंतु म्हणून स्टार्टरमधील मुंग्यांवर रॉकेल ओतणे किंवा फवाऱ्याचे औषध मारणे, हे जे काही ठिकाणी चालते, ते मात्र सर्वस्वी वर्ज्य समजावे. त्या पॉइंटांवर ठिणगी उडत असते.

पाल आणि मुंगी ह्यांनी बहुधा वस्तूचे नुकसान होते. उंदीर आणि साप ह्यांचा प्रश्न त्यापुढचा आहे. उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढतात, म्हणून ते झिजविण्यासाठी त्याला काही ना काही कुरतडत राहावे लागते. तारेवरील आवरण त्याच्या दृष्टीने एका काडीसारखेच. आवरण गेले की उघडी तार पेटीच्या पत्र्याला टेकते आणि सगळी पेटीच विजेने भरते. वरून काहीच दिसत नाही. मोटार कदाचित नीट चालतही असते. भिजलेल्या काळ्या मातीत अनवाणी उभा राहून कोणी झाकणाला हात लावला, की प्रवाहाला जमिनीत उतरण्याची वाट त्या माणसाच्या देहातून मिळते. आपल्या देशात अलीकडच्या वर्षांत विजेच्या धक्क्याने दरवर्षी दहा हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडतात, असे सरकारी नोंदीच सांगतात. पेटीला जमिनीशी जोडणारी अर्थिंगची तार शाबूत असेल तर हीच वीज तिच्या वाटेने उतरते आणि फ्यूज उडतो. ती तार तुटलेली किंवा गंजलेली नाही ना, हे मृग नक्षत्रापूर्वी पाहणे फार खर्चाचे नाही.

उंदीर काय करू शकतो ह्याचे उदाहरण जपानने जगाला दाखविले. फुकुशिमा येथील अणुवीज केंद्र २०११ च्या भूकंपात व समुद्राच्या लाटेत उद्ध्वस्त झाले. त्यानंतर तेथील वापरलेले इंधन थंड ठेवण्यासाठी तात्पुरती वीजव्यवस्था उभारलेली होती. १८ मार्च २०१३ च्या सायंकाळी ती बंद पडली. इंधनाच्या टाक्यांचे शीतकरण थांबले आणि ते पूर्ववत होण्यास एका दिवसाहून अधिक काळ लागला. तपासणीत स्विचबोर्डापाशी वीतभर लांबीचा एक मेलेला उंदीर आढळला व संशय त्याच्यावरच गेला. पुढच्याच महिन्यात, उंदीर आत येऊ नयेत म्हणून जाळी बसविताना हातून चूक होऊन तेथील शीतकरण पुन्हा काही काळ बंद पडले. जे राष्ट्र भूकंपाशी झुंजते त्यालाही उंदराने दोनदा दमविले, तेथे आपल्या गोठ्यातल्या तारांचे काय!

सापाचे येणे पालीमुळे असते. भक्ष्य जेथे तेथे भक्षक. स्टार्टरच्या पेटीत किंवा पंपाच्या खोलीत जो साप पुष्कळदा सापडतो तो कवड्या. त्याला पालीच फार आवडतात, भिंती चढण्यात तो पटाईत आहे आणि त्याला विष नाही. परंतु अंगावरील पट्ट्यांमुळे तो मण्यारीसारखा दिसतो, आणि मण्यार म्हणजे साक्षात मृत्यू. रात्री कंदिलाच्या किंवा मोबाइलच्या उजेडात ह्या दोघांतील भेद ओळखीन असा अभिमान कोणी धरू नये. २००० ते २०१९ ह्या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसे दगावली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. त्यांतील निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर ह्या महिन्यांतले होते आणि ज्या मोजक्या राज्यांवर हा घाला अधिक पडला त्यांत तेलंगणासह आंध्र आहे. म्हणून पेटी उघडण्यापूर्वी काठीने तिच्यावर दोन टोले द्यावेत, विजेरी पाडावी आणि मगच झाकणाला हात घालावा. दंश झालाच तर मांत्रिकाच्या दारात एक क्षणही न घालविता सरकारी दवाखाना गाठावा. सापाच्या विषावरील लस तेथेच मिळते.

मुले नेहमी विचारतात की तारेवर बसलेल्या चिमणीला धक्का का बसत नाही. प्रश्न मोठा मार्मिक आहे. चिमणीचे दोन्ही पाय एकाच तारेवर असतात. तिच्या देहातून पलीकडे जाण्याची वाट विजेला मिळत नाही. तीच वीज वटवाघळाला मारते, कारण त्याच्या पंखांचा पसारा एक मीटरहून मोठा असतो आणि तो एकाच वेळी दोन तारांना भिडतो. गावाबाहेरच्या ट्रान्सफॉर्मरवर, ज्याला आपण डीपी म्हणतो, खार चढते तेव्हाही हेच घडते. तिचे मागचे पाय असतात जमिनीशी जोडलेल्या लोखंडी टाकीवर, आणि पुढचे पाय लागतात ११,००० व्होल्टच्या टोकाला. एक आवाज, आणि अर्धे गाव अंधारात. पुण्याजवळच्या भोसरीत मार्च २०२२ मध्ये वीज उपकेंद्रातील ट्रान्सफॉर्मरवर एक मांजर चढले, तर साठ हजारांच्या आसपास ग्राहकांची वीज गेली व शेकडो कारखाने थंडावले. श्रीलंकेत ९ फेब्रुवारी २०२५ रोजी एका माकडाने सगळे बेटच अंधारात लोटले. गावात असा अंधार झाला की कोणी तरी धाडसी तरुण ‘फ्यूजच तर टाकायचा आहे’ म्हणत डीपीकडे निघतो. त्याला घरच्या बायकांनी सरळ दारात अडवावे. ते काम लाईनमनचे आहे. १९१२ ह्या क्रमांकावर कळविता येते, आणि तो येईपर्यंत कंदील पुरतो.

उपाय विचाराल तर त्यांत विद्वत्तेचे काही नाही. मुख्य स्विच बंद करून, वायरमनला बोलावून, केबलभोवतीची फट पुट्टीने लिंपून घ्यावी. वारा खेळण्यासाठी जी भोके असतील त्यांना बारीक तारेची जाळी लावावी. झाकणाला रबराची पट्टी चिकटवावी, बिजागरी नवी घ्यावी. उजेडाचा दिवा पेटीच्या डोक्यावर न लावता चार पावले दूर लावावा, म्हणजे किडे तिकडे जमतील आणि पालही तिकडेच जाईल. काही जण पेटीत डांबरगोळ्या टाकतात. त्यांच्या वासाने पाहुणे काही दिवस दूर राहत असतील. पण गोळी हवेत विरून जाते आणि भोक तसेच राहते. घरात मुख्य स्विचजवळ गळतीचा प्रवाह ओळखून वीज तोडणारे एक यंत्र मिळते, तीस मिलिअँपिअरचे म्हणून मागावे. एका मोटारीचे वाइंडिंग भरण्याच्या खर्चाशी त्याच्या किमतीची तुलना ज्याची त्याने करून पाहावी.

हे सारे लिहावयास निमित्त झाले ते एका नाताळच्या रात्रीचे. आमच्या लहानशा देवळात मुलांनी वेदीच्या डाव्या हाताला गव्हाणीचा देखावा केला होता. शेजारच्या शेतातला पेंढा, नव्या कापसाचे बर्फ, आणि मागून नेलेली रंगीत दिव्यांची माळ. मध्यरात्रीच्या मिस्सेत ‘ग्लोरिया’ सुरू झाला, घंटा वाजू लागल्या आणि ठरल्याप्रमाणे कोणी तरी बटण दाबले. गव्हाणीत दिवे लागावयाचे त्याऐवजी चट्‌कन आवाज झाला, पेंढ्यातून ठिणगी उडाली आणि ध्वनिक्षेपकासह सारे देऊळ काळोखात बुडाले. वेदीवरच्या मेणबत्त्या तेवढ्या तेवत होत्या. सुदैवाने पेंढा नीट पेटण्यापूर्वीच एका म्हाताऱ्या बाबांनी आपले घोंगडे त्याच्यावर टाकले. फादरांनी गायन थांबू दिले नाही; कोणी विशेष घाबरलेही नाही. सकाळी देखावा हलविला तेव्हा मेंढपाळांच्या मागे, बर्फाचा कापूस ओरबाडून केलेल्या घरट्यात, उंदराची पाच उघडी पिल्ले निजलेली सापडली. तार तेथेच कुरतडलेली होती. मुलांनी ती पिल्ले कापसासकट उचलून कुंपणाच्या आडोशाला ठेवली आणि आई परत येते का हे पाहत दुपारपर्यंत तेथेच बसून राहिली.

त्यानंतर गव्हाणीची तार भिंतीवरून नळीतून नेलेली आहे आणि दिवे पेंढ्यापासून हातभर वर टांगलेले असतात. पेंढा मात्र दरवर्षी त्याच शेतातून येतो.